पाणलाव्याच्या पाठीवर

तार्तूत नोव्हेंबर. साडेतीनलाच दिवा लावावा लागतो.
लीविकाच्या टेबलावर नखाएवढा बोर्ड,
पुढल्या वर्षी पाणलाव्याच्या पाठीवर बसून
दलदलीवरून आफ्रिकेला निघणारा.

सेन्सर जेमतेम पावणेदोन व्होल्टमध्ये पुटपुटतो,
रेडिओला सव्वातीनच्या खालचं ऐकूच येत नाही.
मध्ये एक बफर हवा:
ऐकलं तेच सांगणारा,
पदरचं काही न घालणारा.

पाकिटात चिमूटभर नमुने आलेत, दोन जातींचे.
एकाला पाच पाय. सोल्डर करायला सोपा,
पण जागा खातो, वजनही.
दुसऱ्याला पायच नाहीत,
पोटाखाली टेकायला नुसते ठिपके;
शिंकलं तर हरवतो. काल एक हरवलाच,
हेल्डुरने दोन दिवस झाडू मारू दिला नाही.

ती डेटाशीटचं अकरावं पान पुन्हा वाचते.
वेग नकोय तिला. पक्ष्याला कसली आलीय
नॅनोसेकंदांची घाई?
ती शोधतेय एकच आकडा:
आपली वीज गेल्यावर हा
शेजाऱ्याची चोरून पितो का, आणि किती.

वडिलांना ऐकू येईनासं झालं तेव्हा
दवाखान्यात ती अशीच मध्ये बसायची.
डॉक्टर बोलत, ती तेच मोठ्याने.
एकदाच, एक शब्द
तिने पुढे जाऊ दिला नव्हता.

बिनपायाचा घेते.
सूक्ष्मदर्शकाखाली श्वास रोखून
चिमटा खाली नेते.