पान दोनशे बारा

पुस्तकाला कव्हर नव्हतं,
म्हणून नाव नव्हतं, लेखक नव्हता.
बाणकोटच्या शाळेतल्या कपाटात
भूगोलाच्या नकाशांखाली सापडलं,
मागचा भाग वाळवीनं खाल्लेला.
कुणीतरी परदेशी कादंबरीचं मराठीत रूपांतर केलं असणार,
कारण त्या लांबच्या ग्रहावर लोक ज्वारीची भाकरी खायचे
आणि पाणी मोजून देणाऱ्या बाईचं नाव होतं वैजयंती.

मी बारा वर्षांचा. मला काहीच खटकलं नाही.
ग्रह कोरडा, असं लिहिलं होतं.
कोरडं म्हणजे मी पाहिलेलं तरी काय?
आमचा सडा, एप्रिलातला, तळपाय भाजणारा.
तोच तिथे नेऊन पसरला.
वस्तीच्या भिंतीही जांभ्याच्याच उभ्या केल्या.
वैजयंती माझ्या खालासारखी चालायची,
एक खांदा कळशीकडे झुकलेला, कळशी नसली तरी.

शेवटची ओळ, पान दोनशे बारा:
‘तिनं टाकीचं झाकण उघडलं आणि’

पुढे वाळवी.

त्या ‘आणि’वर मी एकतीस वर्षं काढली.
बरीच वर्षं आत समुद्र होता.
मधे एकदा, लग्न ठरत नव्हतं तेव्हा, काहीच नव्हतं.
लिवाच्या रस्त्यावर टँकर चालवायला लागल्यापासून
आत पाणीच असतं, पाच हजार गॅलन,
आणि झाकण उघडून बघायचं काम माझंच.

गेल्या हिवाळ्यात तिथल्या वाळूत शूटिंगवाले आले.
तीन आठवडे, रोज दोन खेपा.
कसलं पिक्चर, विचारलं
तर गेटवरचा नेपाळी म्हणाला, आकाशातलं काहीतरी.
आठ माणसं झाडू घेऊन
टेकड्यांवरची पावलं पुसत
उलटी उलटी चालत होती.
आम्ही पाणी उतरवायचं, सही घ्यायची, निघायचं.

पिक्चर लागलं तेव्हा मी आणि गुलजमान
मुसफ्फाच्या मॉलमध्ये गेलो. पस्तीस दिरहम.
एसी असा, की चादर आणायला हवी होती, तो म्हणाला.
चाळीस मिनिटं झाली असतील.
पडद्यावर एक बाई
रांगेतल्या माणसांना चमच्यानं पाणी मोजून देऊ लागली.
‘वैजयंती!’
मी मोठ्यानं बोललो होतो. पुढच्या रांगेतल्यानं मागे वळून पाहिलं.

तिला भलत्याच नावानं हाक मारत होते.
भाकरी नव्हती, नळीतून राखाडी काहीतरी ओढायचे.
भिंती काचेच्या. तिचे दोन्ही खांदे सरळ.
मूळ पुस्तकात असंच असेल.
त्या रूपांतरकारानं मला सगळं खोटं सांगितलं,
अल्ला त्याचं भलं करो.

मग ती टाकीपाशी आली. वाद्यं सुरू झाली.
इथे डोळे मिटायचे, असं मी मनाशी ठरवलेलं.
तेवढ्यात गुलजमाननं कोपर मारलं.
‘मुकादम, खाली बघ, उजव्या कोपऱ्यात.’

तांबडी करून टाकलेली वाळू. दोन चंद्र.
जिथे कधी कुणाचं पाऊल पडलं नाही असा प्रदेश,
आणि त्याच्यावरून वळण घेत गेलेली टायरची नक्षी,
मागच्या डाव्या चाकाची अर्धी पुसट.
ते टायर बदला म्हणून मी तीनदा लिहून दिलं होतं.
दोन सेकंद दिसली असेल.
झाडूवाल्यांच्या नजरेतून सुटलेली.

झाकणाखाली काय होतं ते मी पाहिलंच नाही.
लोक नाक ओढत होते, म्हणजे बरंच काही असणार.
बाहेर आल्यावर गुलजमानला विचारलं,
तर म्हणाला, मीपण टायरच बघत होतो.

दुसऱ्या दिवशी चौथा अर्ज दिला.
सुपरवायझरला म्हटलं, बदला आता,
दुसऱ्या ग्रहावरही कळतं झिजलंय ते.