चार गाठी

खंबाटकीच्या चढावर गाडी दुसऱ्यांदा धापा टाकून थांबली
तेव्हाच ठरलं, पंप बदलायचा. टाकी मागे, इंजिन पुढे,
मध्ये आमचा ओटा, आमची गादी, ह्यांची पुस्तकं,
एवढं अंतर डिझेलला आता ओढवत नाही.

नाना पेठेत काउंटरवर मागितलं:
बारा व्होल्टचा पंप, एक रिले, दहा अँपिअरचा फ्यूज,
लाल वायर पाच मीटर.
"कुठल्या गाडीला?"
"घराला," म्हणाले.
त्याने चष्म्यावरून पाहिलं, आणि बिल फाडलं.

धायरीच्या शेडमध्ये मी गाडीखाली, उताणी, टॉर्च दातांत.
एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं जोड्या जुळवल्या,
निळा-पांढरा, नारिंगी-पांढरा.
वायर म्हणजे रंग, एवढंच मला ठाऊक.
इथे सगळ्या काळ्या.
फडक्याने पुसल्या, तरी काळ्याच.

मग बोटाला काहीतरी खुपलं.
मेणाच्या दोऱ्याची गाठ, बारीक, वरून दिसू नये अशी.
शेजारच्या वायरला दोन.
चासीकडे जाणारीला तीन.

शेडवाला लांडे हसला.
"कुदळ्यांच्या बापूचं काम. लाल-हिरवं कळायचं नाही त्याला.
सिग्नलला पुढचा हलला की हा हलायचा.
जन्मभर कुणाला पत्ता लागू दिला नाही.
एकाच रंगाचं बंडल घ्यायचा, म्हणे स्वस्त पडतं."

एक गाठ बॅटरी. दोन चावी.
तीन अर्थ.
मीटर लावून तपासलं, एकही चुकली नव्हती.

रिले बसला. पंप टाकीजवळ, रबरावर, म्हणजे रात्री घर थरथरू नये.
चावी अर्धी फिरवली. टकटक-टकटक, कुणी दारावर आल्यासारखी.
इंजेक्टरचा नट सैल केला: आधी फेस,
मग बुडबुडे, मग थुंकल्यासारखं काहीतरी,
आणि एकदम सलग धार, कोपरापर्यंत.
वरून ह्यांचा आवाज, "झालं का? चहा ठेवू?"

लांडे म्हणाला, बापूला कळवू या. जुना नंबर होता त्याच्याकडे.
स्पीकरवर बाई बोलली,
आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही.
हे वाक्य माझ्याच खात्याचं.
लोकांना किती वेळा ऐकू गेलं असेल, मी कधी नीट ऐकलंच नव्हतं.

पुन्हा खाली गेले.
माझी वायर लाल, लख्ख लाल, लपवायचं काही नाही.
तरी अभ्रे शिवायचा दोरा मागवला वरून,
आणि तिच्या टोकाशी, खालच्या बाजूला,
चार मारल्या.