उतरायची दोरी

सारमानसच्या धक्क्यापाशी, जिथं पूर्वी बार्जींना रंग लावत,
त्या शेडमध्ये आमचा रोबो.
एकात एक सरकणारे तीन टप्पे, ॲल्युमिनियमचे.
मिटले की माझ्या गुडघ्याएवढे,
उघडले की खांद्याला लागतात.

आधी एकच दोरी ओवली होती,
खालून वर, कप्पीवरून खाली, पुन्हा वर,
परकरात नाडी घालावी तशी.
मोटर ओढायची, आणि ज्याचं घासणं कमी
तोच टप्पा आधी उठायचा.
कधी मधला, कधी शेंड्याचा,
रेशनच्या रांगेत मध्येच घुसणाऱ्यासारखा.

मग प्रत्येकाला स्वतःची दोरी दिली.
आता पहिला बोटभर चढतो तेव्हा
दुसरा दोन बोटं, तिसरा तीन,
सगळे एकदम, बघत राहावं असे.
पण ओझं तिप्पट होऊन मोटरच्या मानेवर बसलं.
फुकट काही मिळत नाही, अन्विता म्हणाली,
आणि गिअर बदलायला मांडी घालून बसली.
शेवटची फेरी कधीच गेली होती.

वर गेला.
खाली येईना.
वजन आहे ना, येईल आपसूक, असं आम्ही धरून चाललो होतो.
मधला टप्पा कलला, अडकला,
दोरी सैल होऊन रिळावरून सुटली
आणि कप्पी-पत्र्याच्या फटीत शिरली.
मोटर मात्र फिरतच होती, तिला कोण सांगणार?
माझा प्रोग्रॅम वेढे मोजत होता
आणि त्याच्या हिशेबात सगळं उतरून झालं होतं.

इनासबाब शेडची किल्ली न्यायला आला.
एकवीस वर्षं बार्जीवर विंच,
आता राखण.
स्क्रीनकडे त्यानं पाहिलंच नाही.
फणस पिकला का बघतात तशी
दोरीवर टिचकी मारून कान लावला.

“देंवपाकय दोरी जाय रे.”

उतरायलाही दोरी लागते.
नांगरसुद्धा टाकून देत नाहीत म्हणाला,
सोडत सोडत नेतात.
खाण बंद झाली त्या दिवशी
त्याचा विंच अर्ध्यावर थांबवला होता, म्हणाला,
आणि पुढं काही बोलला नाही.
मिहिरनं त्याला चहा दिला. तो त्यानं बशीत ओतला.

त्याच रिळावर दुसरी दोरी, उलट्या वेढ्यांची.
एक जितकी सुटेल तितकी दुसरी गुंडाळेल.
जमत नाही तेवढं बरोबर, दोन-तीन मिलिमीटर उरतातच,
त्यासाठी मिहिरच्या स्कूटरच्या ब्रेकची स्प्रिंग.
(स्कूटर दोन दिवस हातानं ढकलत नेली.)
पांढरी दोरी इतकी गुळगुळीत की साधी गाठ निसटते.
इनासबाबची गाठ मी तीनदा सोडवून पाहिली,
चौथ्यांदा मला आली.

पहाटे दोनला तो खाली आला,
सावकाश, कुरकुरत,
जिना उतरणाऱ्या जाड माणसासारखा.
आम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत. पुन्हा वर पाठवला.
चाळीस वेळा. एक्केचाळिसाव्याला एक स्क्रू पडला, तो अजून सापडलेला नाही.

सकाळी पेटी घेऊन धक्क्यावर उभे, पणजीची स्पर्धा अकराला.
फेरी आली. तिची फळी दोन तारांवर खाली येऊ लागली.
लोकांनी दुचाक्या सुरू केल्या.
आम्ही तिघं मात्र वर, कप्प्यांकडे बघत राहिलो.

डावी तार जरा सैल होती.