अकरा मीटर

दर गुरुवारी सूस रोडच्या विहिरीत टेप सोडते.
टोक पाण्याला टेकलं की हाताला कळतं.
वहीत : दहा पूर्णांक सात.

खाली उतारावर पाणकणसाची दलदल.
सातबाऱ्यावर ‘पडीक’,
पण पाणलावा दर हिवाळ्यात
पत्ता न विचारता येतो.
झरा आटला तर कशाला येईल?

मीटिंगमध्ये म्हटलं,
अकराच्या खाली गेलं की सोसायटीचं बोअर बंद.
धायगुडे हसले, “पाणी आपल्याच हद्दीतलं ना, मॅडम?”
आणि चहाचा कप ठेवला माझ्या वहीवर.

आज अकरा पूर्णांक दोन.
फोन लावला.
बराच वेळ नुसती मोटारीची घरघर.
मग म्हणाले, “टँकर सांगतो,”
आणि घरघर थांबली.

आकडा लिहिला
कपाच्या डागाच्या मधोमध.