दहा बाय सहा

मशीनचं डोकं डावीकडून उजवीकडं एकदा गेलं
की चार बोटं चित्र होतं.
आधी विरूपाक्षचे केस आले. काळेभोर,
फोटोसाठी गोवावेसच्या सलूनात रंगवलेले.
भरमा म्हणाला, "बघ, हाय तसाच हाय."
"पत्र्याला रंग मारला म्हणून घर नवं होतंय व्हय?"
नेमिनाथ चौगुले म्हणाला. त्याचं हार्डवेअरचं दुकान,
रंगातलं त्याला कळतं.

हे शहापुरात, माझ्या फ्लेक्सच्या दुकानात,
जिथं पूर्वी आमचे दोन माग होते.
वडिलांचा धोटा असाच जायचा-यायचा,
पण तेव्हा लुगडं निघायचं, माणसं नाही.

थर्ड गेट. पस्तीस वर्षांचा बँड, त्यातली अठरा वर्षं गप्प.
नाव पडलं ते फाटकावरून:
मालगाडी आली की फाटक पडायचं,
सायकली, टेम्पो, कॉलेजची पोरं अडकायची,
आणि बाबूशच्या मागच्या खोलीतला ड्रम
सगळ्यांना ऐकावाच लागायचा.
अर्धं गाव असं फॅन झालं. इलाज नव्हता म्हणून.

"तेच सांगालोय," नेमिनाथ म्हणाला,
"आता पूल झालाय तिथं. वरनं भुर्र जातात.
थांबतंय कोण?
माझ्या पोराला ऐकवलं. चार मिनिटं नुसती गिटार.
म्हणतो, पप्पा, हे सुरू कधी होतंय?"

कपाळं आली. इस्माईलची आठी, बाबूशचं टक्कल,
आणि भुजंगच्या जागी संकेश्वरचा एक पोरगा,
वरातीत कॅसिओ वाजवणारा.
भुजंग जाऊन सहा वर्षं झाली.
त्या पोराच्या डोळ्यांपर्यंत मशीन येईतो
कुणी काही बोललं नाही.

मग भरमा एकदम, "मैदानावर लाईट गेली त्या रात्री
विरूनं बिनमाईकचं म्हटलं,
मी पार शेवटच्या रांगेत, शब्दन्‌शब्द ऐकू आला मला."
"रांगेत कुठला? झाडावर होतास. तिकीट कुठं होतं तुझ्याकडं?"
"झाडावर तर अजून लांब की!"

"वरचा सूर आता लागत नाही त्याला. दोन पट्ट्या खाली घेतात."
"घेऊ देत. आपण जिना एका दमात चढतोय?"

मला विचारलं त्यांनी. "शैलाक्का, तू सांग, चालंल का परत?"
माझ्याकडं एक कॅसेट आहे,
रेडिओसमोर टेपरेकॉर्डर धरून भरलेली.
खोलीत माग चालू होते, दोन्ही,
तेही शिरलेत गाण्यात. ड्रम कुठला, फणी कुठली
सांगता येत नाही.
बँड मला आवडायचा का, खरंच माहीत नाही.
ती कॅसेट मी फार जपून लावते, एवढंच.
हे काही बोलले नाही. म्हटलं, शाई संपत आलीय, थांबा.

नाव तीन लिप्यांत: वर कन्नड, मोठं,
खाली मराठी, त्याखाली इंग्रजी.
नेमिनाथनं स्क्रीनवर पट्टी लावून अक्षरं मोजली होती,
उगाच कुणी डांबर घेऊन यायला नको.
तिन्हीकडं वाचायचं एकच, थर्ड गेट.
गाण्यांची भाषा कुठली, यावर मात्र
दोघांचं अजून ठरलेलं नाही.

तोंडं आली, हनुवट्या आल्या.
दीडशे खुर्च्यांचा हॉल, विकलेली तिकिटं एकेचाळीस,
त्यातली नऊ भरमानंच घेतलेली.
"पडणार बघ," नेमिनाथ म्हणाला. "माणसं म्हातारी झाली की
गाण्यालाच दोष देतात,
आणि नवी पोरं तेवढाही देत नाहीत."

खाली तारखेची पट्टी उरली होती.
मी आकडे टाकायला घेतले,
तर त्यानंच माझा हात धरला.

"तारीख छापू नकोस.
तेवढी जागा कोरी ठेव. वर स्टिकर लावू.
फ्लेक्स चांगलाय,
पुढच्या खेपेला चालंल."

भरमा त्याच्याकडं बघत राहिला.
"काय बघालास? दहा बाय सहा. फुटाला पैसे पडतात."