एक पूर्णांक दोन टक्के

नोव्हेंबरात, शाळेच्या जिममध्ये,
मी दर वेळी तिसऱ्याच नावापुढे खूण करतो.
निकालात आमचा आकडा सगळ्यांत खाली:
एक पूर्णांक दोन टक्के.
'मत वाया घालवलंस,' रस्त्यापलीकडचा थिबोडो म्हणतो.
'मत वाया घालवलंस,' अलीकडची आयडा कॉनवेही म्हणते.
गेल्या आठ वर्षांत त्या दोघांचं
एकमत झालंय ते एवढ्यावरच.

त्याच्या अंगणात लाल पाटी, तिच्या अंगणात निळी.
दगडापेक्षा वीट मऊ, असं दोघंही सांगतात;
भांडण फक्त दगड कुठला नि वीट कुठली याचं.
शिडी थिबोडोकडे आहे, करवत आयडाकडे.
एकमेकांना मागायची पंचाईत,
म्हणून दोन्ही वस्तू माझ्या पडवीतून ये-जा करतात.
या धंद्याचा परवाना मी अजून काढलेला नाही.

थिबोडोचा निक अकरा महिने आत होता,
खिशात चिमूटभर पाला सापडला म्हणून.
आता नदी ओलांडली की
त्याच पाल्याचं काचेच्या दाराचं दुकान,
नवव्या खरेदीवर दहावी फुकट,
पावतीच्या तळाशी राज्याचा कर.
मागच्या हिवाळ्यात आम्ही त्या दुकानावरून गेलो, मी आणि थिबोडो,
त्याच्या ट्रकमधून.
त्यानं रेडिओ मोठा केला.
माझ्याकडे तयार भाषण होतं, वीस वर्षं घासूनपुसून ठेवलेलं.
नाही केलं.

ल्युसिल बत्तीस वर्षं तिसरीला शिकवायची. सरकारी शाळा.
'तुझ्या करातून माझा पगार,' ती म्हणायची,
'माझ्या पगारातून आपला विमा,
विम्यातून तुझा नवा गुडघा.
आता त्या गुडघ्यावर उभा राहा
आणि सांग बघू, सरकार कशाला हवं ते.'
मी उभा राहायचो. सांगायचोसुद्धा.
ती वह्या तपासत ऐकायची,
आणि माझ्या एखाद्या वाक्याखालीही
हवेत लाल रेघ ओढायची.

ती गेली फेब्रुवारीत.
मेपलमागच्या दगडी बांधाशी पुरा, एवढंच म्हणाली होती.
नगर-कार्यालयात हेझल पॉमरॉयनं फॉर्म पुढे सरकवला:
विहिरीपासून अंतर, रस्त्यापासून अंतर,
नकाशा दोन प्रतींत.
मी म्हटलं, तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही,
भीक नको पण कुत्रं आवरा.
माझी जमीन. माझी बायको.
आणि तिथेच अडलो.
कारण ल्युसिलनं नक्की विचारलं असतं,
'माझी म्हणजे? सातबारा कुठाय?'
नाही, सातबारा नाही, तिचा शब्द वेगळा होता,
पण रोख तोच.
माणूस स्वतःच्याच मालकीचा असतो,
हे जन्मभर मीच तिला ऐकवलेलं.

हेझल एकदा तिसरीत नापास होता होता राहिली होती.
तिनं फी घेतली. वीस डॉलर. पावती फाडली.
मग काउंटरची फळी उचलून या बाजूला आली
आणि बराच वेळ काही बोलली नाही.

जमीन तेव्हा लोखंड झालेली.
तिचा कायदा कुणालाच मोडता येत नाही,
मलासुद्धा.
एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी कुदळ आत गेली.
हेझल शंभर फुटी टेप घेऊन आली.
थिबोडो फावडं घेऊन आला, निक त्याच्यामागे,
आयडा करवत घेऊन: मुळं लागतील, म्हणाली.
मी कुणाला बोलावलं नव्हतं.
खड्डा कमरेइतका होईपर्यंत ते दोघं
पेट्रोलच्या भावावरून भांडत होते, खड्ड्यात उभे राहून,
आणि एका मुळाशी दोघांनी मिळून
करवत धरली, भांडण न थांबवता.
अंतर सोळा इंचांनी कमी भरलं.
हेझलनं टेप गुंडाळला आणि नियमातला आकडा लिहिला.

मे महिन्यात ल्युसिलच्या पेन्शनचा चेक आला.
मी तो परत पाठवला.
तिकीट मी लावलं.