भर दुपारी, माळ्यावर

भिकाजी आग्रे आता शिडी चढत नाही.
गुडघे गेले. अंगणातल्या बाकड्यावर बसून
तो माझं घर शाकारतो, नुसत्या तोंडानं.

"वरनं कौलं बगत फिरू नको, बाय.
बाराच्या उन्हात माळ्यावर उतानी पड.
जितनं उजेड येतो, तितनं पानी येनार."

पडले. आमसुलांच्या बरण्यांमध्ये,
श्रीरंगच्या पहिल्या बोटीवरच्या पत्र्याच्या पेटीला डोकं टेकून.
आणि काळोखाला केवढी भोकं!
हे वानरांचं. ते शहाळं पडलं त्याचं.
आणि ते तिसरं, बोटभर रुंद,
डिश बसवायला आलेल्या पोराचं. तो चप्पल घालूनच वर गेला होता.
अकरा मोजली. प्रत्येकाखालच्या रिपेला खडूनं फुली.

न्हाणीमागं घोडाछाप कौलं होती, सात.
तो कारखाना कधीचाच बंद.
उरलेल्या चारांना गुहागरहून नवी आणली,
तर त्यांची खाच जुन्यांच्या दातात बसेना.
"कानशीनं घास," भिकाजी म्हणाला,
"सोयरीक जमवताना दोनी घरं थोडी थोडी घासतात, तशी."
घासली. बोटांची सालं निघाली,
पावडर झाली लाल, नाकात, चहात, सगळीकडं.

समुद्राकडच्या भिंतीला झडी बांधल्या:
आत चुडतांची, बाहेर निळं प्लास्टिक.
पन्हळीतून पानं काढली, आंब्याची, फणसाची,
एक वाळलेली खार, आणि कुणाचा तरी चेंडू.
जोत्याला लागून चर खणला, पऱ्ह्यापर्यंत उतार देत,
घागर ओतून ओतून बघितलं
पाणी जातंय का.
त्याला अडवायला जाऊ नये म्हणे. वाट दाखवावी.
नाहीतर ते आपली वाट स्वतः काढतं,
आणि ती घरातून असते.

अकरा फुल्या पुसल्या.
माळ्यावर इतका काळोख झाला
की उतरताना शिडीची पायरी सापडेना.

पुनर्वसूत, रात्री दोनला,
टप्.
बरोब्बर शिलाईच्या मशीनवर.
तिथं फुली नव्हती. तिथं उजेड कधी आलाच नव्हता.

सकाळी भिकाजी इरल्याखालून हसला.
"उजेड सरळ येतो, बाय. पानी आंधळं.
वाशाला धरून, चाचपत चाचपत येतं.
शिरतं कोनाजवळ, गळतं चुलीवर.
आता आक्टोबरातच सापडंल."

मशीन सरकवलं. डेचकी ठेवली,
तळाला जुन्या परकराचं फडकं,
म्हणजे आवाज होत नाही.

आठव्या दिवशी श्रीरंगचा फोन लागला,
कुठल्याशा समुद्रातून, तुटक तुटक.
"गळतंय का गं कुठं?"
"नाही," मी म्हटलं. "तुमची बोट?"
"छे," तो म्हणाला. "एकदम कोरडी."

डेचकीत फडकं होतं, म्हणून त्याला काही ऐकू गेलं नाही.
त्याच्या मागं मात्र
एक पंप चालू होता, सारखा.